सांकवाळची भिंत आणि जागेचे कागद

गोव्यात सांकवाळ येथे एका जुन्या चर्चची फक्त दर्शनी भिंत उभी आहे. १८३४ साली आगीत चर्च गेले, भिंत राहिली. आज ती राज्याचे संरक्षित स्मारक आहे. विजयादुर्गेचे भक्त सांगतात, चर्चच्या आधी इथे देवीचे स्थान होते; पोर्तुगीज अमलात देवी फोंडा तालुक्यातील केरीला गेली. ख्रिस्ती समाजाला ही आपल्या पूर्वजांच्या प्रार्थनेची जागा वाटते. गेली काही वर्षे हा वाद चिघळतो आहे.

बालाघाटच्या वाचकांना वाटेल, त्या भिंतीशी आपले काय? पण शिवजयंतीच्या मंचावरून पाडलेली देवळे पुन्हा बांधण्याच्या घोषणा आपल्याकडेही होतात, तेव्हा बोलणे भाग आहे.

जमिनीचे तंटे आपल्याला नवे नाहीत. खसऱ्यात नाव एकाचे, कब्जा दुसऱ्याचा, हे गावोगाव आहे. गोव्यात तर एक-चौदाच्या उताऱ्यामागे कोमुनिदादची पोर्तुगीज दफ्तरे निघतात. मार्च २०२२ च्या अर्थसंकल्पात गोवा सरकारने पाडलेल्या देवळांसाठी २० कोटी रुपये ठेवले. पैसा ठेवणे सोपे. जागा कोणाची, हे ठरवणे कठीण.

इथे महाराजांचेच उदाहरण पाहावे. दिवाडी बेटावरचे सप्तकोटेश्वराचे देऊळ पोर्तुगीजांनी पाडले. भक्तांनी लिंग नदीपार डिचोलीकडच्या नार्व्यात आणले. १६६८ मध्ये शिवरायांनी देऊळ बांधायला लावले ते नार्व्यातच. कोणी म्हणेल, दिवाडी पोर्तुगीजांकडे होते, महाराजांपुढे दुसरा मार्ग नव्हता. खरे आहे. पण जुनी जागा परत मिळेपर्यंत त्यांनी देवाला ताटकळत ठेवले नाही. त्या देवळाचा जीर्णोद्धार २०२३ मध्ये पुरा झाला.

न्यूयॉर्कमध्येही हेच घडले. ११ सप्टेंबर २००१ रोजी जुळ्या मनोऱ्यांखाली सेंट निकोलस हे ग्रीक मंडळींचे छोटे चर्च गाडले गेले. पुढे जागेच्या अदलाबदलीवरून पोर्ट ऑथॉरिटीशी बोलणी फिसकटली, प्रकरण कोर्टात गेले, २०११ मध्ये तडजोड झाली. मग पैसे संपले, काम थांबले. अखेर ४ जुलै २०२२ रोजी चर्चचा अभिषेक झाला, तो मूळ जागी नव्हे, जवळच्या दुसऱ्या भूखंडावर. आता ते मृतांचे स्मारकही आहे.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. सांकवाळची भिंत आहे तशी राखावी. तिला आधार देण्याचे काम वाद मिटेपर्यंत अडवू नये. सरकारने जागेचे सर्व कागद, पोर्तुगीज दफ्तरांसह, भाषांतर करून लोकांपुढे ठेवावेत. देवीचे स्मारक हवे असेल, तर जिच्यावर कोणाचा दावा नाही अशी जमीन सांकवाळ परिसरातच शोधावी. आणि आपल्या मंचावरच्या वक्त्यांनी पुढच्या शिवजयंतीआधी एकदा नार्व्याला जाऊन यावे.