अकरावीचा अर्ज आणि घरची पेढी

बनारसीदासांनी १६४१ साली आग्रा येथे ‘अर्धकथानक’ हे आपले आत्मचरित्र पद्यात लिहिले. जौनपूरच्या जैन व्यापारी कुळात जन्मलेल्या या कवीला तरुण वयात विद्येचा छंद लागला, तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांनी त्यांची कानउघाडणी केली. फार शिकणे हे वाण्याच्या मुलाचे काम नव्हे, त्याने दुकानात बसावे, असा त्या उपदेशाचा आशय होता. आज आपल्या समाजात असे कोणी उघड बोलत नाही. मुलगा असो वा मुलगी, पदवी हवीच, याविषयी दुमत राहिलेले नाही. तरीही दहावीचा निकाल लागून अकरावीचा अर्ज समोर आला की तोच जुना विचार सौम्य रूप घेऊन परत येतो. ‘पेढी आहेच, कॉमर्स घे.’ ‘मुलीला गणित कशाला? सोपा विषय घेऊ दे, टक्के वाढतील.’ बोलणाऱ्याच्या मनात प्रेमच असते. परंतु त्या एका वाक्याने पुढील पाच-सात वर्षांच्या किती वाटा बंद होतात, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो.

सांगलीच्या बाजारपेठेतील एका अडत्याच्या घरी असाच प्रसंग घडला. धाकट्या मुलीला दहावीत उत्तम गुण मिळाले होते. वाणिज्य शाखा घ्यायची, हे तिने स्वतःच ठरवले होते. प्रश्न उरला होता एकाच विषयाचा : ‘चिटणिसाची कार्यपद्धती’ घ्यावी की ‘गणित व संख्याशास्त्र’?

“एस.पी. घे, बाळ,” वडील म्हणाले. “सगळेच घेतात. सोपा विषय आहे.”

“पप्पा, मला गणित घ्यायचंय. आजोबांच्या वहीतले हळदीचे भाव मी गेल्या तीन वर्षांचे मांडून बघितलेत. कधी चढतात, कधी उतरतात, ते मला शिकायचंय.”

वडिलांनी आधारासाठी मोठ्या मुलाकडे पाहिले. त्याने चार वर्षांपूर्वी एस.पी. घेतला होता आणि त्याला टक्केही चांगले पडले होते. पुढे तो सी.ए. फाउंडेशनला बसला. तेथे चार विषय असतात. प्रत्येक विषयात किमान ४० गुण आणि एकूण सरासरी ५० टक्के, अशी उत्तीर्ण होण्याची अट असते. त्याचा एकच विषय दोनदा राहिला, ‘क्वांटिटेटिव्ह ॲप्टिट्यूड’. त्यानंतर तो पेढीवर बसू लागला आणि घरात तो विषय पुन्हा निघाला नाही.

“तू तेव्हा गणित का घेतलं नाहीस रे?” वडिलांनी विचारले.

“तुम्हीच म्हणाला होता, पप्पा, की एस.पी. सोपा आहे.” त्याच्या स्वरात राग नव्हता. “अर्ज तुम्हीच दुकानात बसून भरला होता. मी फक्त सही केली.”

वडील गप्प झाले. त्यांना तो दिवस आठवला. अर्ज भरायला पाच मिनिटेही लागली नव्हती. हळदीच्या एका लॉटचा सौदा करताना ते त्याहून अधिक वेळ पोत्यात हात घालून माल पारखत असत.

या घरातील चूक वाणिज्य शाखा निवडण्यात नव्हती आणि एस.पी. हा विषयही निरुपयोगी नाही. कंपनीची स्थापना, भागभांडवल, कर्जरोखे, सभासदांशी होणारा पत्रव्यवहार हे सारे त्यात शिकवले जाते आणि कंपनी सेक्रेटरी होऊ पाहणाऱ्याला त्याचा पाया उपयोगी पडतो. चूक होती ती निवडीच्या दिशेत. अकरावीकडे पाहून विषय ठरवला गेला, पुढच्या पदवीकडे पाहून नव्हे. विषयाची निवड शेवटाकडून सुरुवातीकडे यावी लागते. प्रथम पदवी किंवा व्यवसाय डोळ्यांसमोर आणावा, तेथील प्रवेशाची अट पाहावी, त्या परीक्षेत काय विचारतात ते पाहावे आणि मग अकरावीचे विषय लिहावेत.

वाणिज्य शाखेचेच उदाहरण घेऊ. पुस्तपालन व लेखाकर्म, अर्थशास्त्र आणि वाणिज्य संघटन व व्यवस्थापन हे विषय बहुतेक सर्व विद्यार्थी घेतात. खरी निवड गणित आणि एस.पी. यांच्यात होते. सी.ए. फाउंडेशनला कोणत्याही शाखेचा बारावी उत्तीर्ण विद्यार्थी बसू शकतो, गणित असण्याची अट तेथे नाही. परंतु ज्या विषयाने वरील मुलाला अडवले, त्या १०० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत ४० गुण व्यापारी गणिताचे, ४० संख्याशास्त्राचे आणि २० तर्कशक्तीचे असतात. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. म्हणजे ज्याने दोन वर्षे गणिताला हात लावलेला नाही, त्याला ८० गुणांचा अभ्यास काही महिन्यांत नव्याने करावा लागतो. दार उघडे असते, पण उंबरठा उंच होतो.

काही ठिकाणी दारच बंद होते. दिल्ली विद्यापीठातील अर्थशास्त्राच्या ऑनर्स पदवीला बारावीत गणित असावे लागते. आय.आय.एम. इंदूरने २०११ मध्ये सुरू केलेल्या पाच वर्षांच्या एकात्मिक व्यवस्थापन अभ्यासक्रमास कोणत्याही शाखेचा विद्यार्थी अर्ज करू शकतो. मात्र त्याच्या प्रवेश परीक्षेचा मोठा भाग गणितीच असतो. विमा क्षेत्रातील ॲक्चुअरीचा व्यवसाय तर गणित आणि संख्याशास्त्र यांवरच उभा आहे. उलट, कायद्याच्या पाच वर्षांच्या पदवीसाठी कोणतीही शाखा चालते. ज्या मुलाचा ओढा निश्चितपणे तिकडे आहे, त्याच्यावर गणित लादण्याचे कारण नाही.

विज्ञान शाखेत हाच प्रश्न गणित आणि जीवशास्त्र यांच्यात उभा राहतो. अभियांत्रिकीसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित आणि वैद्यकीयसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र लागते. औषधनिर्माणशास्त्राची पदवी गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी कोणत्याही गटातून घेता येते. औषधांची एजन्सी किंवा मेडिकल दुकान असलेल्या कुटुंबांना ही माहिती मोलाची आहे, कारण डॉक्टर होणे जमले नाही तर सर्व संपले, असे तेथे मुळीच नसते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत भूदलासाठी कोणतीही शाखा चालते, परंतु नौदल व वायुदलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित आवश्यक असते. ज्याचा निर्णय खरोखरच झालेला नाही, त्याने गणित व जीवशास्त्र दोन्ही ठेवावेत. मात्र हा भार मोठा असतो. दोन्ही दरवाजे उघडे ठेवण्याच्या नादात दोन्हीकडील तयारी अपुरी राहू नये, एवढे भान हवे.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. विज्ञानातून वाणिज्याकडे येता येते, वाणिज्यातून अभियांत्रिकीकडे किंवा वैद्यकीयकडे जाता येत नाही. परंतु केवळ ‘नंतर बदलता येईल’ म्हणून न आवडणारे विज्ञान घेणे हा उपाय नव्हे. नावडता माल गोदामात भरून ठेवणारा व्यापारी पुढे तो तोट्यातच काढतो. तसेच, दहावीनंतर सारेच अकरावीत जातात असे नाही. तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका घेऊन अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. ज्या घरचा कारखाना किंवा यंत्रांचा व्यवसाय आहे आणि ज्या मुलाचा हात यंत्रावर चालतो, त्याच्यासाठी ती वाट अधिक सरळ असू शकते.

विषय ठरल्यावर अर्जाकडे वळावे. २०२५ पासून अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश संपूर्ण राज्यात लागू झाले. त्या वर्षी विद्यार्थ्याला दहापर्यंत महाविद्यालयांचा पसंतीक्रम देता येत होता, आणि पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळूनही प्रवेश न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांना मुकावे लागत होते. म्हणून पहिला क्रमांक प्रतिष्ठेसाठी लिहू नये. जेथे मुलाला खरोखर जायचे आहे, जेथे हवा असलेला विषय शिकवला जातो आणि जेथे रोजचे जाणे-येणे झेपते, तेच नाव प्रथम लिहावे. वाणिज्य शाखा सर्वत्र असते, परंतु तीत गणित शिकवले जातेच असे नाही. हे महाविद्यालयात विचारून मगच पसंती द्यावी. नियमांत दरवर्षी फेरफार होतो, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका घरातील एका तरी माणसाने पूर्ण वाचावी.

समाजबांधवांनी एक अधिकार विसरू नये. जानेवारी २०१४ मध्ये जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित करण्यात आले. अल्पसंख्याक दर्जा असलेल्या कनिष्ठ महाविद्यालयांत त्या त्या समाजासाठी राखीव कोटा असतो. संस्था जैन असेल तर धर्माच्या आधारे, गुजराती किंवा अन्य भाषिक अल्पसंख्याक असेल तर मातृभाषेच्या आधारे हा लाभ मिळू शकतो. त्यासाठी शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील धर्माची व मातृभाषेची नोंद निकालापूर्वीच तपासावी. दाखल्यात दुरुस्ती करावी लागली तर तिला वेळ लागतो, आणि प्रवेशाच्या फेऱ्या कोणासाठी थांबत नाहीत.

दुसरी सावधगिरी खासगी शिकवण्यांविषयी. काही ठिकाणी महाविद्यालयात केवळ नाव नोंदवून दिवसभर शिकवणीवर्गात बसण्याची प्रथा रूढ झाली आहे. बारावीच्या परीक्षेसाठी ७५ टक्के उपस्थितीचा नियम आहे आणि तो कागदावरच राहील, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. शिवाय लाखांचे शुल्क भरल्यानंतर ‘हा विषय मला जमत नाही’ असे सांगण्याचे धैर्य मुलाला उरत नाही. पैसे भरण्यापूर्वी मध्येच सोडल्यास किती परतावा मिळेल, हे लेखी घ्यावे. कोणताही व्यापारी अन्य कोणत्या व्यवहारात एवढे तरी करतोच.

प्रवेश झाल्यावर एका कागदावर पुढील वर्षांचा आराखडा मांडावा. अकरावीच्या ओळीत मूळ विषय पक्के करणे आणि एका प्रवेश परीक्षेची ओळख. बारावीच्या ओळीत फेब्रुवारी-मार्चमधील मंडळाची परीक्षा आणि तिच्या आगेमागे येणाऱ्या प्रवेश परीक्षा : जेईई मेन जानेवारी व एप्रिलमध्ये, नीट साधारण मे महिन्यात, कायद्याची क्लॅट डिसेंबरमध्ये. महाराष्ट्रात बी.बी.ए., बी.सी.ए. आणि बी.एम.एस. या पदव्यांसाठीही २०२४ पासून राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा सुरू झाली आहे. ‘बारावीच्या टक्क्यांवर होईल’ या समजुतीत अनेकांची अर्जाची तारीख निघून जाते. त्यापुढे पदवीच्या ओळी. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० श्रेयांक आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीसाठी किमान १६० श्रेयांक लागतात. मध्ये शिक्षण थांबले तरी मिळवलेले श्रेयांक शैक्षणिक बँकेत जमा राहतात. घरात आजारपण आले, पेढीवर माणूस कमी पडला म्हणून ज्या मुलांना शिक्षण अर्धवट सोडावे लागते, त्यांच्यासाठी ही तरतूद मोठा आधार आहे.

या कागदावर मुलाच्या किंवा मुलीच्या हाताने लिहिलेली एक ओळ असावी : ‘मला हे का शिकायचे आहे.’ पालकांनी ती खोडू नये. वस्तूला अनेक बाजू असतात आणि एका बाजूवरून काढलेला निष्कर्ष अपुरा असतो, हे अनेकांताचे तत्त्व प्रवचनात सर्वांनाच पटते. घरातील सोळा वर्षांच्या मुलाची बाजू ही त्यांपैकीच एक बाजू आहे. आजोबांचा अनुभव, वडिलांचा व्यवहार, आईने रोज पाहिलेला मुलाचा स्वभाव आणि मुलाची स्वतःची ओढ, असे सारे एकत्र बसले तरच निर्णय पूर्ण होतो. त्यासाठी एक रविवार पुरेसा असतो.

सांगलीच्या त्या घरातही तसा एक रविवार उजाडला. सामायिक उरकून आजोबा बैठकीत आले, तेव्हा अर्ज मधोमध ठेवलेला होता. वडिलांनी तीन महाविद्यालयांत फोन करून वाणिज्य शाखेत गणित शिकवतात का, याची चौकशी केली होती. त्यांपैकी एका ठिकाणी नकार मिळाल्याने ते नाव यादीतून निघाले. मुलीने गणित लिहिले. आराखड्याच्या कागदावर तिने स्वतःची ओळ लिहिली आणि तो कागद दादाकडे सरकवला.

दादाने तो वाचला. मग त्याने थोडा वेळ विचार करून विचारले, “पप्पा, बी.कॉम. झालं की पंचावन्न टक्क्यांवर सी.ए.ला फाउंडेशन न देता थेट पुढच्या टप्प्यावर जाता येतं. माझं शेवटचं वर्ष आहे. दुपारनंतर पेढीवर नाही आलो तर चालेल का?”

वडिलांनी या वेळी पाच मिनिटांत उत्तर दिले नाही. त्यांनी त्याला जवळ बसवून घेतले आणि दुसरा कोरा कागद मागवला.