तिचं म्हणणं तिच्या तोंडून

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जून महिना, तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयाचं कार्यालय, प्रवेशाची गर्दी. माझ्यासोबत नुकतीच बारावी झालेली एक मुलगी आणि तिची आई. मुलीला जन्मापासून कमी दिसतं. जाड चष्मा लावून पुस्तक डोळ्यांपासून चार बोटांवर धरलं की वाचता येतं. फळ्यावरचं मात्र पहिल्या बाकावरूनही दिसत नाही. तरी कला शाखेत तिला ७१ टक्के गुण मिळाले होते. खिडकीपलीकडच्या कारकुनाने तिचं प्रमाणपत्र पाहिलं, मग माझ्याकडे पाहून विचारलं, “हिला कितपत दिसतं?” मुलगी माझ्या शेजारीच उभी होती. तरी त्याने मला विचारलं, आणि मीही लगेच उत्तर दिलं.

पुढचा अर्धा तास मीच बोलत होते. कायद्याचं नाव घेतलं, राखीव जागांबद्दल सांगितलं, तिथल्या तिथे एक अर्ज लिहून दिला : परीक्षेसाठी हिला लेखनिक मिळावा. “परीक्षेच्या वेळी बघू,” असं उत्तर मिळालं. प्रवेश झाला. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी समाधानाने एस.टी. पकडली. आज एक काम झालं, असं माझ्या डायरीतही लिहिलेलं आहे.

हिवाळ्यात पहिल्या सत्राची परीक्षा झाली. तिने सगळे पेपर इतरांसारखेच, तेवढ्याच वेळात, त्याच बारीक टाईपातल्या प्रश्नपत्रिका वाचून लिहिले. दोन विषयांत केटी लागली. मला कळलं तेव्हा मी जवळजवळ रागावूनच विचारलं, “अगं, तू त्यांना अर्जाची आठवण का नाही केलीस?”

ती म्हणाली, “ताई, तुम्ही नव्हतात ना.” आणि थोडं थांबून, “आणि मला लेखनिक नकोच होता. दुसऱ्याला सांगून लिहायला लागलं की माझी वाक्यं तुटतात. मला मोठा टाईप हवा होता आणि वेळ हवा होता. लेखनिकाचं तुम्ही लिहिलं होतं.”

हे तिला विचारूनच लिहिते आहे. नाव मात्र देऊ नका म्हणाली, म्हणून देत नाही.

समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेताना आम्हाला स्वयंनिर्णयाचं तत्त्व शिकवलं होतं. ज्या व्यक्तीसोबत आपण काम करतो तिच्या आयुष्याचे निर्णय तिचे तिनेच घ्यायचे असतात. परीक्षेत मी त्यावर भरभरून उत्तरही लिहिलं होतं. स्त्रियांच्या गटांत गेली दहाएक वर्षं मी हेच सांगत आले : बाईच्या वतीने नवरा बोलतो, सासरा बोलतो, सरपंचबाईंच्या वतीने सरपंचपती बोलतो, हे थांबलं पाहिजे. आणि त्या खिडकीपाशी मी नेमकं तेच करत होते. फरक एवढाच की माझा हेतू चांगला होता. पण हेतू चांगला असणाऱ्या सासऱ्यांबद्दल आपण काय म्हणतो, ते आपल्याला ठाऊक आहे.

या प्रसंगानंतर मी विचार करू लागले की बारावीपर्यंत आलेली, हुशार, घरात भावाशी वाद घालणारी ही मुलगी महाविद्यालयात गप्प का राहिली? पहिलं कारण शाळेतच आहे. बारावीच्या परीक्षेत तिला जादा वेळ मिळाला होता. पण तो कुणी मागितला, कुठल्या नियमाने मिळाला, त्यासाठी कोणता कागद विभागीय मंडळाकडे गेला, यातलं तिला काहीही माहीत नव्हतं. “आमच्या बाईंनी करून दिलं,” एवढंच ती सांगू शकली. बाई चांगल्या होत्या. वर्गशिक्षिका, आई, संस्थेच्या ताई अशा सगळ्या चांगल्या बायकांनी मिळून तिला बारा वर्षं सांभाळलं, आणि आपल्याला काय लागतं हे अनोळखी माणसाला सांगायची वेळ तिच्यावर एकदाही येऊ दिली नाही. महाविद्यालयात वर्गशिक्षिका नसते. दर तासाला वेगळे प्राध्यापक, शंभर-सव्वाशेचा वर्ग, परीक्षा विभाग तिसऱ्याच इमारतीत. काही ठिकाणी समान संधी कक्षाची पाटी असते, पण पाटीमागे माणूस असतोच असं नाही. अशा ठिकाणी जी बोलत नाही, तिला काही हवं आहे हे कुणाला कळतच नाही.

दुसरं कारण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. मुलीने हळू बोलावं, मागू नये, मिळेल त्यात भागवावं हे शिक्षण प्रत्येक घरात मिळतं. अपंग मुलीला ते दुप्पट मिळतं. तुझ्यासाठी एवढं करतोय, त्यात आणखी काय मागतेस? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांतल्या पुरुषांमध्ये साक्षरता ६२ टक्के होती आणि स्त्रियांमध्ये ४५ टक्के. म्हणजे निम्म्याहून अधिक अपंग बायकांपर्यंत अक्षरच पोचलं नव्हतं. जी बारावीपर्यंत पोचते, तिला घरीदारी सतत जाणवून दिलं जातं की हे उपकार आहेत. उपकार घेणारं माणूस तक्रार करत नाही.

आपली भाषाही याला हातभार लावते. परीक्षेतल्या जादा वेळेला आपण ‘सवलत’ म्हणतो. सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर असते, एस.टी.च्या भाड्यात असते, दिवाळीच्या खरेदीत असते. जिला एक पान वाचायला इतरांच्या दीडपट वेळ लागतो, तिला तेवढा वेळ देणं ही सवलत कशी? तिच्याकडून तीच परीक्षा घ्यायची तर तेवढा वेळ लागणारच.

कायदा इथे आपल्या बाजूने आहे, आणि तो मुलींना बारावीच्या आधीच माहीत हवा. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि राखीव जागा ३ टक्के होत्या. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात २१ प्रकार आले. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये, ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव झाल्या आणि प्रवेशाच्या वयोमर्यादेत पाच वर्षांची सूट मिळाली. केंद्र सरकारने २९ ऑगस्ट २०१८ रोजी काढलेल्या लेखी परीक्षांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तीन तासांच्या पेपरला किमान एक तास जादा वेळ, मोठ्या टाईपातली किंवा ब्रेल प्रश्नपत्रिका यांचा उल्लेख आहे. लेखनिक न घेणाऱ्यांनाही हा जादा वेळ देता येतो. माझ्या अर्जात मी लेखनिक मागितला, कारण अपंग म्हणजे लेखनिक एवढंच माझ्या डोक्यात होतं. कायदा माझ्यापेक्षा शहाणा निघाला.

या कायद्यात ‘वाजवी सोयी’ची व्याख्या आहे. त्या व्यक्तीच्या विशिष्ट बाबतीत जे आवश्यक आणि योग्य बदल करावे लागतील, ते बदल म्हणजे वाजवी सोय. यात ‘विशिष्ट’ हा शब्द महत्त्वाचा. दोन कमी दिसणाऱ्या मुलींची गरजही एक नसते. एकीला उजेड हवा असतो, दुसरीला उजेडाचाच त्रास होतो. हे सांगणार कोण? जिचे डोळे आहेत तीच. तिला बोलतं केल्याशिवाय हा कायदा नीट राबवताच येत नाही.

मग आम्ही काय केलं ते सांगते. गेल्या दीड वर्षापासून अकरावी-बारावीच्या सहासात अपंग मुली महिन्यातून एका रविवारी जमतात. पहिलं काम असतं आपली अडचण आपल्या शब्दांत सांगायचं. डॉक्टरी शब्द नकोत, ‘मी अशी आहे’ असंही नको. “फळ्यावरचं मला वाचता येत नाही, तुम्ही लिहिताना मोठ्याने वाचलंत तर मी उतरवून घेऊ शकते.” सरकारी कागदांत २०१६ पासून ‘दिव्यांग’ शब्द आला, चळवळीत आम्ही ‘अपंग’ म्हणतो, या मुली दोन्ही म्हणत नाहीत. “मला कमी दिसतं,” “मला डाव्या कानाने ऐकू येत नाही,” असं सरळ सांगतात.

दुसरं, प्रत्येकीची फाइल तिच्या स्वतःच्या ताब्यात. अपंगत्वाचं प्रमाणपत्र, युडीआयडी कार्ड, मंडळाने दिलेल्या परवानगीची प्रत, सगळ्यांच्या झेरॉक्स. एका मुलीने बारावीत पहिल्यांदाच स्वतःचं प्रमाणपत्र पाहिलं. तोवर ते वडिलांच्या कपाटात होतं. तिसरं, अर्ज स्वतः लिहायचा. आईने सांगून नाही, मी सांगून नाही. ‘मला हवे आहे’ असा. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. चौथं, तालीम. एकजण कारकून होते, एकजण प्राचार्य. कारकून झालेली मुलगी न शिकवता “पुढच्या आठवड्यात या” म्हणते, आणि सगळ्या हसतात. पण त्यावर “कोणत्या तारखेला येऊ? तारीख लिहून द्या,” हे उत्तर तिथेच तयार होतं. पाचवं, नको म्हणायला शिकणं. नको असलेली मदत नाकारता येणं हाही आपली बाजू मांडण्याचाच भाग आहे, हे मला त्या मुलीने शिकवलं.

एका आईने मला सुनावलं, “तुम्ही पोरींना बोलायला लावता. उद्या सर चिडले आणि अंतर्गत गुण कापले तर?” तिची भीती खोटी नाही. मुलीला एकटीला पुढे ढकलून आपण मोकळं व्हायचं, असा याचा अर्थ होऊ नये. तू बोलली नाहीस म्हणून तुला मिळालं नाही, हा ठपका आपण बायकांनी पुष्कळ सोसला आहे. तो या मुलींच्या माथी मारायला मी तयार नाही. १२ सप्टेंबर २०२१ च्या नीट परीक्षेत डिसग्राफिया असलेल्या, म्हणजे लिहिण्यात अडचण असलेल्या एका विद्यार्थिनीला हक्काचा जादा तास नाकारून तिच्याकडून उत्तरपत्रिका काढून घेतली गेली. तिला आपला हक्क मिळालेला होता, पण परीक्षा घेणाऱ्यांनाच तो माहीत नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिच्यावर झालेल्या अन्यायाची भरपाई कशी करता येईल याचा विचार करा, असं न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला बजावलं. म्हणजे मुलींना बोलायला शिकवणं आणि व्यवस्थेला ऐकायला भाग पाडणं, दोन्ही कामं एकदमच करावी लागतील. महाविद्यालय ऐकत नसेल तर पुण्यात राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत. चौकशीसाठी त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. तिथवर जाताना मुलीच्या शेजारी आपण असायला हवं. पुढे मात्र नको.

आपल्या संघटनांनाही हा प्रश्न विचारला पाहिजे. आमचाच गेल्या वर्षीचा ८ मार्चचा कार्यक्रम दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात झाला, लिफ्ट नव्हती. व्यासपीठावर ‘अपंग स्त्रियांचे प्रश्न’ या विषयावर जी बोलली, ती पायऱ्या चढू शकत होती. अपंग मुली आपल्या शिबिरांत किती येतात, आल्या तर कार्यक्रम ठरवताना त्यांचं मत घेतो का, की त्यांना स्वागतगीतापुरतं उभं करतो?

माझी सूचना साधी आहे. बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि जूनमध्ये प्रवेशाची धावपळ असते. तेव्हा काही शिकवायला वेळ नसतो. प्रत्येक गटाने आपल्या भागातल्या अकरावीतल्या अपंग मुली शोधाव्यात आणि दोन वर्षं हे काम करावं. महाविद्यालयाची वाट दाखवायला पुष्कळजणी आहेत. तिथे गेल्यावर बोलायची सवय आधीच लागायला हवी.

ती मुलगी यंदा तिसऱ्या वर्षाला आहे. केटीच्या परीक्षेआधी ती मोठ्या टाईपासाठी आणि जादा वेळेसाठी स्वतः अर्ज लिहून घेऊन गेली. मी बाहेर बाकावर बसले होते, आणि खरं सांगते, बसून राहणं मला फार जड गेलं. वीस मिनिटांनी ती बाहेर आली. म्हणाली, “अर्ज घेतला, पण पोच दिली नाही.” मी उठायला लागले, तर म्हणाली, “तुम्ही बसा, ताई. मी परत जाते.”

आणि ती परत आत गेली.