हेलिकॉप्टरच्या आधी गुरं कोण राखायचं?



ऑस्ट्रेलियातलं पशुपालन शिकवताना आपण बहुतेक वेळा आकड्यांवरच थांबतो. मीही थांबायचो. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं ॲना क्रीक हे एकच 'कॅटल स्टेशन', म्हणजे गुरांचं अवाढव्य कुरण, जवळपास आपल्या पुणे जिल्ह्याएवढं! गुरं गोळा करायला हेलिकॉप्टर नि मोटारसायकली. मुलं डोळे मोठे करून ऐकतात. पण एकदा चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, हेलिकॉप्टर नव्हतं तेव्हा गुरं कोण राखायचं?"

खरा धडा इथूनच सुरू होतो. उत्तरेकडच्या स्टेशनांवर हे काम मुख्यतः तिथल्या आदिवासींनी केलं, घोड्यावर बसून. जमीन मुळात त्यांचीच, पण मजुरी गोऱ्या कामगारांपेक्षा कितीतरी कमी. 1966 मध्ये वेव्ह हिल स्टेशनवरचे सुमारे 200 गुरिंजी लोक व्हिन्सेंट लिंगियारी यांच्यासोबत काम सोडून निघाले. पुढे त्यांनी आपली जमीनच परत मागितली. 1975 मध्ये पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी लिंगियारींच्या हातात तिथली माती ठेवली. जमिनीचा एक भाग परत मिळाला.

हे लहान मुलांना जड जाईल, असं काहीजण म्हणतात. मला तसं वाटत नाही. ज्या मुलाचे आजोबा दुसऱ्याची गुरं राखायचे, त्याला हे चटकन कळतं. म्हणून कुरण केवढं आहे हे जरूर सांगा, पण तिथे कोण राबलं हेही सांगा. नुसते आकडे परीक्षेनंतर विसरले जातात.