टेकडीला मैलकुली हवा



अंदाजपत्रकाचे दिवस जवळ आले की पुण्याच्या टेकड्यांना ‘सुशोभित’ करण्याची भाषा सुरू होते. पायथ्याशी कमान, वर पेव्हर ब्लॉकची वाट, बाकांच्या पाठीवर सौजन्याची नावे. मुंबईत मलबार हिलवर मार्च २०२५ मध्ये ४८५ मीटरचा उन्नत निसर्गमार्ग खुला झाला. तसे काही आपल्याकडेही व्हावे, असे म्हणणारेही भेटतात. त्या मार्गाशी माझे भांडण नाही. पण आपल्या टेकडीची गरज बांधकामाची नाही, निगराणीची आहे, आणि नेमके त्यासाठीच कोणी पैसे मागत नाही.

टेकडीवरची वाट बिघडते ती पाण्याने. वेताळ टेकडी घ्या, हनुमान टेकडी घ्या किंवा तळजाई. खाली काळा पाषाण, वर मुरूम आणि त्यावर मातीचा पातळ थर. माणसांनी पाडलेली वाट बहुधा सरळ उताराला लागते, कारण खाली जायची घाई असते. जोराच्या पावसात तिचाच ओहोळ होतो. माती गेली की दगड उघडे पडतात, घसरण्याच्या भीतीने लोक कडेच्या गवतातून चालू लागतात, आणि काही पावसाळ्यांत एकेरी पाऊलवाट बैलगाडी जाईल एवढी रुंद होते.

याचा इलाज फार खर्चाचा नाही. वाट उताराला आडवी, तिरकी न्यावी. तिचा चढ टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून कमी ठेवावा. दहा मीटर चालल्यावर साधारण मीटरभरच वर चढलो, असा. जागोजागी दगडांची तिरकी ओळ जमिनीत रोवून पाणी बाजूच्या गवतात काढून द्यावे. बंद केलेल्या शॉर्टकटच्या तोंडाशी बाभळीच्या फांद्या टाकाव्यात. एवढे मे संपायच्या आत व्हावे. मग पावसाळ्यात फावडे घेऊन अधूनमधून फेरी मारायची, दगडांमागे साचलेला गाळ काढायचा. आणि थंडी सरता सरता कडेचे वाळके गवत कापून जाळपट्टा मोकळा ठेवायचा, कारण वणव्याला पेटते थोटूक पुरते. यातल्या कशाचेही उद्घाटन करता येत नाही, हीच खरी अडचण. कमानीला निविदा निघते, पाटी लागते. गाळ काढल्याची पाटी कुठे लावणार?

सार्वजनिक बांधकाम खात्याने हे फार पूर्वी ओळखले होते. रस्त्याच्या ठरावीक लांबीला मैलकुली नेमलेला असे. खड्डे बुजवायचे, कडेची गटारे मोकळी करायची, हेच त्याचे काम. आपल्या लांबीत पाणी कुठे तुंबते हे त्याला पाठ असे. टेकड्यांना असाच पगारी माणूस हवा.

‘टेकडीप्रेमी मंडळे आहेतच की’, असे उत्तर यावर हमखास येते. टेकड्या आज उभ्या आहेत यात त्या मंडळींचा मोठा वाटा आहे. पण रविवारच्या श्रमदानात माणसे झाड लावायला उत्साहाने येतात. चर खणायला फार थोडे थांबतात. शिवाय प्रत्येक झाड टेकडीला मानवतेच असे नाही. वनीकरणासाठी लावलेल्या उंदीरमारीने, म्हणजे गिरिपुष्पाने, किती उतार व्यापले ते फिरणाऱ्यांना दिसतेच. चंडोल आणि लावे जमिनीवर घरटी करतात. त्यांना उघडा गवताळ माळ लागतो.

कच्ची वाट आम्हाला झेपत नाही, हा ज्येष्ठांचा आणि चाकांच्या खुर्चीतून येणाऱ्यांचा आक्षेप मात्र खरा आहे. त्यांच्यासाठी पायथ्याशी सपाट, पक्की, कठडा असलेली वाट जरूर करावी. तिथे फरसबंदीला माझी हरकत नाही. चढावर मात्र नको. सावलीतल्या ब्लॉकवर पावसाळ्यात शेवाळ धरते आणि त्यावरून आधी पाय घसरतो तो ज्येष्ठांचाच.

राहता राहिला हद्दीचा प्रश्न. टेकडीचा काही भाग वन विभागाचा, काही महापालिकेचा, काही खासगी. म्हणून वाट मात्र कोणाचीच नाही. हे अशक्य कोटीतले कोडे नव्हे. केंद्राने २०२०च्या पर्यावरण दिनी नगरवन योजना जाहीर केली, तेव्हा नमुना म्हणून पुण्याच्या वारज्याचेच वनक्षेत्र पुढे केले होते. वन विभागाची जमीन आणि बाहेरच्यांचा हातभार असे ते काम. वाटांपुरता असाच करार वन विभाग आणि महापालिका यांनी करावा आणि मजुरीचा खर्च कोणी उचलायचा ते त्यात स्पष्ट लिहावे.

नागरिकांनी सुचवलेल्या कामांसाठी महापालिका २००६-०७ पासून अंदाजपत्रकात जागा ठेवत आली आहे. कामे सुचवण्याच्या अर्जात बाकाऐवजी वर्षभराची मजुरी मागता येईल का, हे प्रशासनाने जाहीर करावे. येत नसेल, तर पुढचे अर्ज मागवण्याआधी तसा रकाना घालावा.

— एक वाचक, कोथरूड, पुणे