खेळाच्या डब्यातला सेल

दिवाळीनंतरच्या सोमवारी बाह्यरुग्ण विभागात गर्दी असतेच. त्या गर्दीत गोसीखुर्द धरणाच्या बाजूच्या एका पुनर्वसित गावातले गृहस्थ आले होते. रक्तदाब तपासून झाला, गोळ्यांची चिठ्ठी लिहून झाली, तरी ते उठेनात. मग पिशवीतून एक रंगीत खोके काढून त्यांनी टेबलावर ठेवले. "साहेब, पोट्ट्याच्या मामानं पुण्याहून पाठवला. बाहेर देशातला व्हय म्हणते. देऊ का याले? डोये जातीन का?"

खोक्यात हातात मावणारा व्हिडिओ गेम होता. तीन इंचांचा पडदा, डाव्या अंगठ्याखाली फुलीच्या आकाराचे बटण, उजवीकडे आणखी काही बटणे, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'चारशे खेळ एकात'. चीनमध्ये बनलेला, ऑनलाइन चार-पाचशे रुपयांना मिळणारा. मुलगा नऊ वर्षांचा, बाहेर बाकावर बसलेला.

अशा वेळी 'देऊ नका' म्हणणे डॉक्टरला सर्वांत सोपे. पालकांनाही ते ऐकायला बरे वाटते आणि पाच मिनिटांत पुढचा रुग्ण घेता येतो. मी 'द्या' म्हणालो. फक्त देण्याआधी खोक्यावरच्या चित्रांकडे न पाहता यंत्र उलटे करून पाठीवरचे झाकण बघा, असे सांगितले. हे सांगण्यामागे एक जुनी गोष्ट आहे.

काही वर्षांपूर्वी अडीच वर्षांची एक मुलगी आमच्याकडे आली. लाळ गळत होती, घास गिळत नव्हती, अधूनमधून खोकत होती. घसा आला असे समजून दोन दिवस औषध सुरू होते, आणि ते देणाऱ्याला मी फार दोष देणार नाही, कारण लक्षणे हुबेहूब तशीच दिसतात. छातीचा एक्स-रे काढला तेव्हा अन्ननलिकेत एक गोल चकती दिसली. आई म्हणाली, रुपया असेल. पण नाण्याची कड एकच दिसते; या चकतीच्या कडेला आत आणखी एक वर्तुळ होते. तो चपटा सेल होता. थोरल्या भावाला जत्रेत किल्लीच्या जुडग्याला लावायचा छोटा गेम घेऊन दिला होता. त्याचे झाकण नखाने उघडत होते. मुलीला नागपूरला पाठवले, दुर्बिणीतून सेल निघाला, मुलगी वाचली. पण अन्ननलिका भाजून आकसली होती. ती रुंद करून घ्यायला तिला पुढे कितीतरी फेऱ्या माराव्या लागल्या आणि बराच काळ भाताऐवजी पेजेवर राहावे लागले.

सेल फुटून आतले विष बाहेर येते, असा बहुतेकांचा समज असतो. खरे कारण वेगळे आहे. सेल ओल्या अन्ननलिकेत अडकला की त्याच्या दोन टोकांमधून वीज वाहू लागते. त्या विजेने तिथल्या पाण्यातून कॉस्टिक सोड्यासारखा तीव्र अल्कली पदार्थ तयार होतो आणि तो मऊ भाग जाळतो. तीन व्होल्टचा, साधारण वीस मिलिमीटर रुंदीचा लिथियम सेल यात सर्वांत वाईट. इजा सुरू व्हायला दोन तास पुरेसे असतात. धरणाकाठच्या गावातून पवनी, तिथून भंडारा आणि मग नागपूर हा प्रवास ज्यांनी रात्री रुग्ण घेऊन केला आहे, त्यांना दोन तास म्हणजे काय हे सांगायला नको. यंत्र चालवायला जो सेल पुरत नाही म्हणून आपण फेकून देतो, त्याच्यातही जाळण्याइतकी वीज शिल्लक असते. म्हणून जुना सेल खिडकीत, देवळीत, पंख्याच्या रेग्युलेटरवर ठेवायचा नाही.

मुलाने सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवू नये, भात-केळे खाऊ घालून 'खाली ढकलू' नये. १०८ ला फोन करावा आणि एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. मूल एक वर्षापेक्षा मोठे असेल, गिळता येत असेल आणि गिळून बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, असे सहा वेळांपर्यंत चालते. मधाने जळण्याचा वेग कमी होतो. मात्र मध शोधत गाडी थांबवायची नाही. आणि माझ्या तरुण डॉक्टर मित्रांनो, लाळ गाळणारे, अन्न नाकारणारे लहान मूल दिसले तर एक्स-रे आधी, घशाचे औषध नंतर.

आता या डब्यांबद्दल. १९८० साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 'गेम अँड वॉच' हा हातातला खेळ आणला. गुनपेई योकोई या अभियंत्याने कॅल्क्युलेटरचा पडदा खेळासाठी वापरला, आणि कॅल्क्युलेटरसारखेच चपटे सेलही. १९८९ च्या 'गेम बॉय'ला मात्र चार पेन्सिल सेल लागत. ते मूल गिळू शकत नाही. नव्वदच्या दशकात आपल्या घरोघरी आलेला, विटा रचायचा तो 'ब्रिक गेम'ही पेन्सिल सेलवरच चाले. आजच्या चारशे खेळांच्या डब्यात जुन्या साध्या मोबाइलसारखी चौकोनी लिथियम बॅटरी असते. तीही गिळता येत नाही, पण फुगू शकते, तापू शकते, पेटूही शकते. किल्लीच्या जुडग्याचे, मनगटी घड्याळाच्या आकाराचे आणि बोलक्या पुस्तकासारखे खेळ अजूनही चपट्या सेलवर चालतात. घरात पाच वर्षांखालील मूल असेल तर असे खेळणे स्क्रूने बंद होणाऱ्या झाकणाचे नसल्यास घेऊच नये, एवढे माझे स्पष्ट मत आहे. २०१७ साली आलेल्या महागड्या 'स्विच' यंत्रात खेळाची जी बोटभर चिप असते, तिच्यावर कंपनीने डेनाटोनियम बेन्झोएट नावाचा अत्यंत कडू पदार्थ लावला आहे, मुलाने तोंडात घातली तर थुंकावी म्हणून. मुले हे करणारच, हे तिथे गृहीत धरलेले आहे.

आपल्या कायद्यातही तरतूद आहे. २०१२ च्या आदेशाने व्हिडिओ गेमला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची झाली. नोंदलेल्या वस्तूवर इंग्रजी 'आर' अक्षर आणि आठ अंकी क्रमांक असतो. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांनाही आयएसआय चिन्ह लागते. पण टपालाने येणारा, बाजारात पत्रे ठोकलेल्या टपरीवर मिळणारा, किंवा परदेशातून नातेवाइकाच्या बॅगेतून आलेला डबा या चाळणीतून सुटतो. स्विचसारखे यंत्रही भारतात अधिकृत विक्रीतून आलेले नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ते मिळते, पण आयातदाराने आणलेले. बिघडले तर कंपनी दाद देईल असे समजू नये. अमेरिकेहून आणलेल्या जुन्या यंत्राचा चार्जर १२० व्होल्टचा असतो आणि आपल्या भिंतीत २३० व्होल्ट येतात. चार्जरवर '१००–२४०' असे छापले असेल तरच तो लावावा.

आणखी एक गोष्ट जपानी कारखान्यात कुणाच्या डोक्यात नसेल. निन्टेन्डोच्या सूचनेप्रमाणे स्विच ५ ते ३५ अंश सेल्सिअसमध्ये वापरायचा आहे. भंडाऱ्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे जातो. शाळेला सुट्टी तेव्हाच, आणि खेळ खेळायची भर दुपारही तीच. टिनाच्या छपराखाली, गादीवर, उशीखाली लिथियम बॅटरी चार्ज करणे म्हणजे आगीला आमंत्रण. चार्ज करायचे ते सकाळी, फरशीवर, घरात जागे माणूस असताना. बॅटरी फुगून झाकण वर आलेले दिसले तर ते दाबून चिकटपट्टी लावणारे लोक मी पाहिले आहेत. तसे करू नये. ती बॅटरी बदलावी.

डोळ्यांचे उत्तर त्या गृहस्थांना मी दोन भागांत दिले. तीन इंचांचा पडदा मूल नाकाजवळ धरते, पापण्या कमी मिटते, त्यामुळे डोळे चुरचुरतात, पाणी येते. हे थांबवता येते. चष्म्याचा नंबर लागणे ही लांबची गोष्ट, आणि तिच्यात मूल पडद्यासमोर किती बसते याइतकेच उजेडात किती वेळ असते, हेही महत्त्वाचे आहे. चीनमधल्या ग्वांगजो शहरात बारा शाळांतील पहिलीच्या मुलांवर अभ्यास झाला. निम्म्या शाळांत रोज चाळीस मिनिटे जास्त बाहेर खेळवले. तीन वर्षांनी त्या मुलांपैकी ३०.४ टक्क्यांना जवळचेच दिसण्याचा दोष जडला होता. बाकीच्या शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. चाळीस मिनिटांचा उन्हातला खेळ, त्याला औषध नाही की यंत्र नाही.

हे वाचताना मला गोसीखुर्दचीच आठवण येते. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली. त्यानंतर वैनगंगेच्या काठची गावे उठली. आज माझ्याकडे येणाऱ्या आजोबांचे बालपण नदीत, खळ्यावर, धानाच्या बांध्यांवर गेले. नातू आखीव भूखंडांच्या गावठाणात वाढतो. पुनर्वसित गावाला द्यायच्या नागरी सुविधांत शाळेबरोबर खेळाचे मैदानही आहे. काही ठिकाणी ते मैदान म्हणजे गाजरगवत आणि बाभळीची झुडपे. पोरगा घरात डबा घेऊन का बसतो, याचे उत्तर शोधताना ग्रामसभेने आधी तिथे जाऊन यावे.

फिट येणाऱ्या मुलांबद्दल थोडे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये दूरचित्रवाणीवरच्या एका कार्टूनमध्ये लाल-निळा उजेड वेगाने लुकलुकला आणि सुमारे ६८५ जणांना, बहुतेक मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. मिरगीच्या रुग्णांपैकी थोड्यांनाच लुकलुकत्या उजेडाचा त्रास होतो. तरीही ज्या मुलाची गोळी सुरू आहे त्याने अंधारात, अपुऱ्या झोपेवर असा खेळ खेळू नये आणि आधी आपल्या डॉक्टरला विचारावे. अंगठा दुखण्याचे मी विशेष सांगत नाही. १९९० मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकाने त्याला 'निन्टेन्डिनायटिस' असे नावही दिले. मुलाच्या खेळावर सलग पाच तास बसलेल्या एका बाईचा तो अंगठा होता. आमच्या जिल्ह्यात विडी वळणाऱ्या बायांचे अंगठे त्याहून वाईट अवस्थेत असतात, त्यांच्या दुखण्याला मात्र अजून कुणी असे गमतीदार नाव दिलेले नाही.

मग मी 'द्या' का म्हणालो? घरात दुसरा पर्याय कोणता आहे ते पाहून. तो पर्याय म्हणजे आईचा मोबाइल. मोबाइलवरचा खेळ संपत नाही. तो मध्येच जाहिरात दाखवतो, नाणी विकतो, रात्री हाक मारतो. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला तो काही उगाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत खेळाचे व्यसन आले आहे, पण त्याची कसोटी कडक आहे: साधारण वर्षभर ताबा सुटलेला आणि त्यापायी शाळा, झोप, नाती मोडलेली असावी लागतात. चारशे खेळांच्या डब्याला इंटरनेट नाही. मारिओ पडला की पडला. दोन-चार दिवसांनी मूल त्याला कंटाळते, आणि कंटाळता येणे हा मला त्या यंत्राचा मोठा गुण वाटतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला दोन तासांच्या आत सर्व पडदे मिळून मर्यादा सांगितली आहे. माझ्या मते या डब्याला त्यातला अर्धा तास पुरे.

शिवाय या डब्याचा मी ऋणी आहे. २००६ मध्ये अमेरिकेतील भूलतज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शस्त्रक्रियेआधी हातात असा खेळ दिलेली मुले कमी घाबरली. ते वाचून आमच्या ड्रेसिंगच्या खोलीत सिस्टरांनी वर्गणी काढून एक डबा आणला. चहाने, चुलीने भाजलेली मुले येतात; पट्टी सोडताना एका हाताला आई धरते. दुसरा हात मोकळा असेल तर बटण दाबायला पुरतो. रडणे थांबत नाही, पण धरून ठेवायला माणसे कमी लागतात. दर मुलानंतर स्पिरिटने पुसतो. त्याच्या झाकणावर आम्ही दोन वेढे पट्टी मारली आहे.

त्या गृहस्थांचा डबा मी उलटा केला. नोंदणीचा क्रमांक नव्हता. झाकणाला स्क्रू नव्हता. बॅटरी मात्र चौकोनी होती आणि फुगलेली नव्हती. चार्जर नव्हताच, नुसती वायर होती. ती घरच्या मोबाइलच्या चांगल्या चार्जरला जोडा, दुपारी नाही, रात्री नाही, असे सांगितले. घरात लहान मूल आहे का विचारले, तर पुतणी होती, दीड वर्षांची. सिस्टरांनी पांढऱ्या चिकटपट्टीचे दोन वेढे झाकणावर मारून दिले.

महिन्याने ते गोळ्या न्यायला आले. रक्तदाब बरा होता. पोरगा पहिल्याच राक्षसापाशी अडकला आहे म्हणाले, सायंकाळी सायकल घेऊन कालव्याकडे जातो. पट्टी मळली होती म्हणून नवी मागून घेतली.