एक वर्ष, दोन हादरे

१२ जानेवारी २०१०. संध्याकाळी पाचला सात मिनिटं कमी असताना हैतीची जमीन हलली. तीव्रता ७.०. राजधानी पोर्ट-ऑ-प्रिन्समधला राष्ट्राध्यक्षांचा पांढराशुभ्र प्रासाद बसला, कॅथेड्रल कोसळलं, संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेचं मुख्यालय प्रमुखासह गाडलं गेलं. सरकारने मृतांचा आकडा तीन लाखांवर नेला. इतर अंदाज बरेच कमी, तरी छाती दडपवणारेच.

दीड महिन्याने चिलीत ८.८चा धक्का बसला. ऊर्जा सुमारे पाचशेपट, मृत्यू मात्र सव्वापाचशेच्या आसपास.

चिलीने १९६०चा ९.५ तीव्रतेचा भूकंप सोसला होता. पुढे बांधकामाचे नियम कडक झाले आणि, मुख्य म्हणजे, बव्हंशी पाळलेही गेले. हैतीत गजांची काटकसर करत सिमेंटच्या ठोकळ्यांवर मजले चढत गेले. त्यात भूकंप उथळ, तोही राजधानीच्या उशाशी.

म्हणून चिलीची पाठ थोपटावी? जरा थांबा. नौदलाच्या यंत्रणेने त्सुनामीचा इशारा देऊन मागे घेतला आणि किनाऱ्यावरची माणसं लाटांत गेली. रॉबिन्सन क्रूसो बेटावर धोक्याची घंटा वाजवली ती बारा वर्षांच्या एका मुलीने. कन्सेप्सिऑन शहरात तर नवीकोरी पंधरामजली इमारत चक्क आडवी झाली. आसपासच्या बहुतेक इमारती मात्र उभ्या राहिल्या.