कार्टूनमधली नावे बदलण्याआधी

गोशो आओयामा यांची ‘डिटेक्टिव्ह कॉनन’ ही जपानी चित्रकथा १९९४ मध्ये एका साप्ताहिकातून सुरू झाली आणि तिच्या खंडांनी केव्हाच शंभरी ओलांडली आहे. शिनिची कुदो हा शाळकरी पण तल्लख गुप्तहेर. गुन्हेगार त्याला विष देतात. तो मरत नाही, पण त्याचे शरीर पहिलीतल्या मुलाएवढे होते. बालमैत्रीण रान समोर येऊन नाव विचारते. त्याच्या पाठीमागच्या कपाटात आर्थर कॉनन डॉयल आणि एदोगावा राम्पो यांची पुस्तके असतात. तो घाईघाईने सांगतो, एदोगावा कॉनन. या एका नावाचा उगम आओयामा यांनी वाचकांना उघड दाखवला आहे. मात्र इतर कितीतरी नावे त्यांनी गाजावाजा न करता कथेत पेरली आहेत. अशा नावांकडे आपण हौशी लोकांची कोडी म्हणून बघतो आणि सोडून देतो. माझ्या मते ते चूक आहे. ही नावे कथेच्या बांधणीचा भाग असतात. मुलांना सोपे जावे म्हणून डबिंगमध्ये किंवा अनुवादात ती बदलली जातात, तेव्हा कथेचाच एक भाग कापला जातो.

राम्पो हे मुळात टोपणनावच. तारो हिराई या लेखकाने १९२३ मध्ये पहिली कथा प्रसिद्ध केली, तेव्हा अमेरिकेच्या एडगर ॲलन पोचे नाव जपानी उच्चारात बसवून स्वतःला एदोगावा राम्पो म्हणवून घेतले. १८४१ मध्ये ज्याच्या कथेपासून गुप्तहेरकथेची सुरुवात मानली जाते तो पो, त्याचे नाव अंगावर घेतलेला राम्पो, आणि राम्पोचे आडनाव लावणारा हा चिमुकला कॉनन, अशी ही तीन पिढ्यांची वंशावळ आहे. राम्पोच्या गाजलेल्या गुप्तहेराचे नाव कोगोरो आकेची. आओयामांच्या चित्रकथेत रानचे वडील खासगी गुप्तहेर आहेत आणि त्यांचे नाव कोगोरो मोरी. आडनावातला मोरी म्हणजे आर्सेन ल्यूपँ हा चोर घडवणारा फ्रेंच लेखक मोरिस लब्लाँ. हे कोगोरो मोरी मात्र गुप्तहेर म्हणून अगदीच बेताचे. गुन्हा उलगडायची वेळ आली की कॉनन त्यांना गुंगीची सुई मारतो, मागे लपतो आणि त्यांच्या आवाजात सगळा तर्क मांडतो. जग समजते कोगोरोच बोलतो आहे. आता नावे पुन्हा वाचा. राम्पोच्या पुस्तकांत कोगोरो जे बोलतो ते त्याच्या तोंडी घालतो एदोगावा. इथेही कोगोरोच्या तोंडी शब्द घालतो तो एदोगावाच. लेखक आणि त्याचे पात्र यांचे नाते आओयामा दर भागात जिवंत करून दाखवतात, आणि ते दिसते ते केवळ नावांमुळे. हे वाचन माझे आहे, पण त्यासाठी लागणारे सगळे पुरावे पानावरच आहेत.

पोलीस निरीक्षक मेगुरे यांचे नाव जॉर्ज सिमेनोंच्या कमिशनर मेग्रे याचेच जपानी रूप. शेजारचे प्राध्यापक आगासा म्हणजे अगाथा ख्रिस्ती, कारण जपानीत अगाथाचा उच्चार आगासा असाच होतो. कॉनन राहतो ते बेइका गाव म्हणजे बेकर स्ट्रीट, आणि त्याला दिलेल्या विषाच्या नावातले ४८६९ हे आकडे जपानीत ‘शेरलॉक’च्या जवळ जाणारे वाचता येतात. या संदर्भांवर मी फार थांबणार नाही. ते गोड आहेत, पण कथेला फारसे पुढे नेत नाहीत. आई हाइबारा या मुलीचे नाव मात्र वेगळ्या तोलाचे आहे. ती गुन्हेगारी टोळीसाठी काम करणारी शास्त्रज्ञ. टोळीने तिच्या बहिणीला मारले, म्हणून तिने बंड केले आणि मरणासाठी तेच विष घेतले. तीही लहान होऊन वाचली. नवे नाव निवडताना आडनाव आले पी. डी. जेम्स यांच्या कॉर्डेलिया ग्रे या गुप्तहेरावरून, ग्रे म्हणजे राखाडी आणि ‘हाइ’ म्हणजे राख. पहिले नाव आले सारा पॅरेत्स्की यांच्या व्ही. आय. वॉरशॉस्की हिच्या आद्याक्षरातून. प्राध्यापकांनी सुचवले होते ते अक्षर प्रेमाच्या अर्थाचे. तिने उच्चार तोच ठेवून दुःखाच्या अर्थाचे घेतले. कॉर्डेलिया ग्रेची १९७२ ची पहिली कादंबरी अशा तरुणीची आहे, जिला सगळे सांगतात की हे काम बाईचे नव्हे. वॉरशॉस्की १९८२ मध्ये आली तीही तशीच, एकटी आणि न वाकणारी. हाइबाराला कुणीतरी वाचवायचे आहे असे सुरुवातीला वाटत राहते. तिचे नाव मात्र सांगत असते की ती गुन्ह्याचा माग काढणाऱ्या बायकांच्या कुळातली आहे.

इंग्रजीत हे सगळे कसे गेले ते पाहा. अमेरिकेत मालिकेचे नावच ‘केस क्लोज्ड’ झाले, त्यामागे कायदेशीर अडचणी होत्या असे सांगितले गेले. शिनिची झाला जिमी, रान झाली रेचेल आणि कोगोरो मोरी झाले रिचर्ड मूर. कॉनन एदोगावा मात्र तसाच राहिला. परिणाम असा की नात्याचे एक टोक हातात उरले आणि दुसरे तुटले. रिचर्ड मूरच्या मागे लपून बोलणाऱ्या एदोगावाला काही अर्थ उरला नाही. निरीक्षक मेगुरे यांचे मेग्वायर झाले. इंग्रजी वाचक मेग्रेला ओळखतो, त्याच्यासाठी मूळ नाव परत आणणे सगळ्यांत सोपे होते. सोपे करण्याच्या नादात नेमकी ओळखच पुसली गेली.

यावर पहिला आक्षेप असा येतो की संदर्भ शोधणारे लोक नसलेलेही शोधून काढतात. आक्षेप खरा आहे. ‘सिम्पसन्स’मधल्या होमरच्या नावात ग्रीक महाकवी शोधला जातो, पण मॅट ग्रेनिंग यांच्या वडिलांचे नाव होमर होते. गारफिल्ड बोक्याला जिम डेव्हिस यांनी आपल्या आजोबांचे नाव दिले. म्हणून पुरावा मागितलाच पाहिजे, आणि तो दोन ठिकाणी मिळतो. एक, लेखकाच्या शब्दांत. बिल वॉटर्सन यांनी ‘कॅल्व्हिन अँड हॉब्ज’च्या दशकपूर्तीच्या पुस्तकात स्पष्ट लिहिले की मुलाचे नाव सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारकावरून आणि वाघाचे सतराव्या शतकातल्या तत्त्वज्ञावरून आहे. दुसरे, कथेच्या अंगात. नाव काढून टाकले की कथेतले काही कोसळते का, हे पाहायचे. कोगोरो काढला तर कोसळते, गारफिल्ड काढला तर काही होत नाही. चुकीचे शोध लागतात म्हणून खऱ्या संदर्भांकडे पाठ फिरवायचे कारण नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आठ वर्षांच्या मुलाला लब्लाँ आणि सिमेनोंशी काय देणेघेणे? आज काही नाही. पण चांगले नाव दोन वयांसाठी घडवलेले असते. १९५९ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘रॉकी अँड हिज फ्रेंड्स’मधला हेर बोरिस बॅडेनॉव्ह. अमेरिकी मुलाला त्यात ‘पुरता वाईट’ हा शब्दखेळ ऐकू येतो, वाचनात पुढे गेलेल्याला पुश्किनचे ‘बोरिस गोदुनोव्ह’ हे नाटक आठवते. पहिल्या अर्थाला दुसऱ्याची आडकाठी नाही, आणि दुसरा वाट बघत थांबतो. आओयामा तर त्याला वाट बघायलाही लावत नाहीत. ते प्रत्येक खंडात एखाद्या गाजलेल्या काल्पनिक गुप्तहेराची ओळख करून देतात आणि त्याची कोणती कथा वाचावी हेही सुचवतात. नाव हे पुढच्या पुस्तकाचे आमंत्रण आहे, हे त्यांनी धरूनच ठेवले आहे. ज्याला अभिजनांची चैन म्हणतात ते इथे दुकानात मिळणाऱ्या कॉमिकच्या पानावर छापलेले असते.

आणि परकी नावे मुलांना जड जातात, हे तर आपल्या घरांनीच खोटे ठरवले आहे. २०१४ मध्ये अमेरिकेत ‘डोरेमॉन’ दाखवताना नोबिताचा नोबी केला, शिझुकाची सू केली आणि जियानचा बिग जी. भारतातल्या हिंदी डबिंगने मूळ नावे ठेवली. नोबिता, शिझुका, जियान, सुनिओ ही नावे महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतली मुले मुखोद्गत म्हणतात, कुणाची जीभ अडखळत नाही. अडखळण्याची भीती मोठ्यांची आहे.

प्रत्येक नाव जसेच्या तसे ठेवावे असा माझा हट्ट नाही. बंगालीत टिनटिनचा कुत्रा कुट्टुस झाला आणि काही बिघडले नाही, कारण मूळ नावात दुसरे पुस्तक दडलेले नव्हते. ‘ॲस्टेरिक्स’मधल्या ओबेलिक्सच्या चिमुकल्या कुत्र्याचे मूळ फ्रेंच नाव एका ठाम धरून बसलेल्या कल्पनेवरून आहे. अँथिया बेल आणि डेरेक हॉकरिज यांनी त्याचा इंग्रजीत डॉगमॅटिक्स केला, अर्थही राखला आणि कुत्राही आत आणला. असे साधले तर जरूर बदलावे. पण त्यासाठी आधी नावात काय आहे ते शोधण्याचे कष्ट घ्यावे लागतात, आणि घाईच्या डबिंगमध्ये तेच गाळले जाते.

म्हणून चित्रकथा आणि ॲनिमेशन मराठीत आणणाऱ्या प्रकाशकांना, वाहिन्यांना आणि अनुवादकांना माझी विनंती आहे. पात्रांची यादी हाती आली की संवादांआधी नावे तपासा. संदर्भ असेल तर नाव ठेवा, आणि पुस्तक छापत असाल तर आओयामांप्रमाणे शेवटचे एक पान त्या संदर्भासाठी राखा. मराठीत अनुवादित गुप्तहेरकथांचा चांगला वाचकवर्ग आहे, त्या पानावर मराठीत मिळणाऱ्या पुस्तकाचे नाव देता येईल. वाचनालयांनी ते पुस्तक कॉमिकच्या शेजारी ठेवावे.